रुजू दिनांक

महाळुंग्याच्या 'अनुकूल ॲडव्हायझर्स' या कंपनीत कुणालाच काही करता येत नसे, आणि तेच त्या कंपनीचं भांडवल होतं. तिथं नोकरी देताना 'तुम्हाला काय येतं' असं विचारायची पद्धत नव्हती. 'तुम्ही कुठं होता' एवढंच विचारत. कंपनीचा धंदा शासन-संबंध सल्ल्याचा. म्हणजे एखाद्या बिल्डरची किंवा रिसॉर्टवाल्याची फाईल सरकारात अडली, की ती कुठल्या टेबलावर अडली, त्या टेबलामागचा माणूस कुणाचं ऐकतो आणि कुठल्या वारी उपास करतो, हे सांगणारी माणसं तिथं पगारावर ठेवलेली होती.

दादासाहेब हे निवृत्त उपजिल्हाधिकारी. त्यांचं काम सरकारी कचेरीत जाऊन नुसतं बसणं. त्यांना पाहिलं की त्यांच्या हाताखाली राबलेले कारकून सवयीनं उठून उभे राहत, आणि उठल्यावर आता काय करावं हे न सुचल्यामुळं फाईल पुढं सरकवत. रजनीताई नगररचना खात्यातून आलेल्या. कुठल्या जमिनीवरचं आरक्षण उठणार हे त्या नकाशा न बघता सांगत. नकाशा काढणारा त्यांच्या ओळखीचा असे. कंपनीचा डायरेक्टर पियूष हा तिशीतला, एमबीए झालेला मुलगा. त्याची व्यावसायिक पार्श्वभूमी म्हणजे त्याचे सासरे. आपण हुंड्यात एक पैसा घेतला नाही असं तो अभिमानानं सांगे, आणि ते खरंच होतं. त्यानं कंपनी घेतली होती.

आणि दयानंदराव. हे निवृत्त नायब तहसीलदार. दीडेक वर्षापूर्वी त्यांना इथं आणलं ते नरहरीनं. नरहरी हा कासार आंबोली गावचा, पिंडानं आंदोलक. 'रावसाहेब, घरी बसून भिंती बघण्यापरीस या की हिकडं, लोकांची कामं मार्गी लावू,' असं तो फोनवर म्हणाला होता, आणि नरहरीच्या शब्दावर दयानंदरावांचा विश्वास होता. त्याला कारण होतं.

उभ्या नोकरीत दयानंदरावांनी पाप असं फारसं केलं नव्हतं, कारण पापालाही वरून मंजुरी लागते. पुण्य मात्र एक केलं होतं, आणि ते विनामंजुरी केलं होतं.

तेव्हा ते पौडला होते. डोंगरातल्या उंबरमाळ वाडीवरून एका बड्या गृहप्रकल्पाचा रस्ता जायचा होता. वाडीची माणसं रोजंदारीची. करवंदं, मध, शिकेकाई गोळा करून विकणारी. ज्या माळावरून हे सगळं यायचं, तोच माळ रस्त्यात जात होता. नरहरीनं वाडी उठवली, घोषणा शिकवल्या, पेपरवाले आणले. एके दुपारी पौडच्या स्टँडसमोर चहा पिता पिता दयानंदराव त्याला हळूच म्हणाले, "बुधवारी मोजणीवाले येणार आहेत. बंदोबस्तासह. खालच्या वाटेनं." सरकारी माणसानं असं सांगायचं नसतं. पण त्यांनी सांगितलं, आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवले.

बुधवारी अख्खी वाडी खालच्या वाटेवर बसली. मोजणीवाले वरच्या वाटेनं आले. वाडीतला मंगळ्या तेवढा एकटा धावत वर गेला आणि मोजणीच्या साखळीवर आडवा पडला, म्हणून सरकारी कामात अडथळा आणल्याची केस एकट्या मंगळ्यावर झाली. मग तडजोड झाली. रस्ता वरून गेला, वाडीला समाजमंदिर मिळालं, नरहरीला हार मिळाला आणि दयानंदरावांना सिरोंचा. महाराष्ट्राचा नकाशा जिथं संपतो तिथं सिरोंचा आहे. बायको-मुलगी भूगावात ठेवून ते तिकडं गेले, ते निवृत्त होऊनच परत आले.

आपलं नाव तिथल्या तलाठ्यानं वर फोडलं असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तलाठी गेल्या वर्षी वारला. दयानंदराव दहाव्याला गेले नाहीत.

पण वाडी त्यांना विसरली नाही. 'आमच्यापायी रावसाहेबाला काळ्या पान्याला धाडलं' असं तिथली म्हातारीकोतारी सांगत. ते परत आल्यापासून दर वैशाखात मंगळ्या करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन भूगावला यायचा. "आलं हो तुमचं पुण्य," त्यांच्या पत्नी शुभांगीताई आतून ओरडायच्या, "पाटी रिकामी करून द्या त्याची, आणि जेवल्याशिवाय सोडू नका." दयानंदराव ती करवंदं शेजाऱ्यांना वाटत, आणि वाटताना ती कुठून आली हे विचारल्याशिवायच सांगत.

आता त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा यायचा होता, आणि त्याला लागणारी वाडीची संमती मिळवायचं काम 'अनुकूल'कडं होतं. पियूषनं दयानंदरावांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "सर, तिथं बाकी कुणाचं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात. दॅट्स युअर कॅपिटल." दयानंदरावांनी विचार करतो म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या मनात होतं की आपण मध्ये असलो तर वाडीला निदान फसवणार तरी कुणी नाही.

हे सगळं ज्या दिवशी फिरलं, त्या दिवशी काम काहीच नव्हतं. नुसता फोटो काढायचा होता.

कंपनीच्या वेबसाइटवर 'आमची माणसं' असं पान करायचं होतं. जाहिरातीचं काम बघणारी जुईली फोटोग्राफर घेऊन आली आणि तिनं पुढं तीन खुर्च्या मांडल्या. पियूष बाजूला उभा राहिला. लीडरनं बाजूला उभं राहायचं असतं असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. दादासाहेब सरळ मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"उठा," रजनीताई म्हणाल्या.

"का?"

"ही काय कलेक्टर कचेरी आहे? इथं मी तुमच्या आधी रुजू झाले आहे."

"रजनीताई, उपजिल्हाधिकारी हे पद..."

"होतं."

जुईलीला वाटलं, थट्टा चालली आहे. ती हसली. तिला सरकारी माणसं ठाऊक नव्हती. निवृत्त माणसाची गाडी जाते, शिपाई जातो, सही जाते. ज्येष्ठता तेवढी चितेपर्यंत सोबत असते. ज्येष्ठता यादीत एक नंबर वर सरकावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं खटले चालवले आहेत, आणि निकाल लागला तेव्हा वादी-प्रतिवादी दोघेही एकाच बागेत फिरायला येत होते, न बोलता.

"ओके, सिंपल आहे," पियूष म्हणाला. "जॉइनिंग डेटनं बसा."

मागच्या रांगेत, कुंडीशेजारी उभा असलेला नरहरी खाकरला.

नरहरीचं एक दुखणं होतं. दादासाहेबांना सगळे 'साहेब' म्हणत, रजनीताईंना 'मॅडम' म्हणत, दयानंदरावांनासुद्धा 'रावसाहेब' म्हणत. त्याला 'ए नरहरी' म्हणत. खातं नाही, हुद्दा नाही, पेन्शन नाही. दोन वर्षांपूर्वी आलेला रस्त्यावरचा माणूस, असाच हिशेब सगळ्यांनी धरला होता, आणि त्यानंही तो धरू दिला होता. तसंच त्याला सांगितलेलं होतं. पण समोर मधली खुर्ची रिकामी होणार होती आणि नियमही डायरेक्टरनंच सांगितला होता.

"मंग सरका," तो म्हणाला. "मधली खुर्ची माझी हाय."

दादासाहेब मोकळेपणानं हसले. "अरे नरहरी, आंदोलनात ज्येष्ठता नसते."

"आंदोलनाची न्हाई, कंपनीची सांगतोय. हिंजवडीला दोन खोल्यांत हापीस हुतं, त्या टायमाला मी लागलो. पियूष सरांचं लगीन बी व्हायचं हुतं. ईचारा त्यांच्या सासऱ्यांना."

"काहीतरीच," रजनीताई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही उंबरमाळच्या आंदोलनात होता. पेपरात फोटो पाहिलाय मी. हार घातलेला."

"मंग? त्येच तर काम हुतं."

हे तो अगदी सहज म्हणाला. आपली हक्काची रजा शिल्लक आहे असं सांगावं, तसं. पियूषला एकाएकी फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. दादासाहेबांच्या कपाळावर आठी पडली, आणि दयानंदरावांना वाटलं, आता हा मोठा माणूस काहीतरी बोलणार.

"कायम होतास की करारावर?" दादासाहेबांनी विचारलं.

"कायम. आंदोलनाच्या आदल्या शिमग्यापास्नं."

दादासाहेब उठले. रजनीताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. नियम म्हणजे नियम. नरहरी मध्ये बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. बाकी कुणाला काही झालं नाही. कुणाला काही होण्यासारखं घडलंय असंही कुणाला वाटलं नाही.

"मागचे काका, जरा हसा ना," फोटोग्राफर म्हणाला.

दयानंदराव हसले. तो फोटो वेबसाइटवर आहे. चांगला आला आहे.

फोटो झाल्यावर त्यांनी नरहरीला खाली टपरीवर गाठलं. हिंजवडीकडं जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या एकमेकींना खेटून हॉर्न वाजवत होत्या, त्यामुळं जे हळू आवाजात विचारायचं ते ओरडून विचारावं लागलं.

"मोजणीचं मी तुला सांगितलं होतं. तू कुणाला सांगितलंस?"

"कवा?"

"नरहरी, कवा म्हणून विचारू नकोस. पौडच्या स्टँडवर."

नरहरीनं चहा फुंकला. "रावसाहेब, रिपोर्टिंग असतंय. रोज सांजच्याला फोन करायचा, आज काय झालं, कोन काय बोललं. तुमच्या सरकारात न्हाई का डायरी लिवत?"

"म्हणून ते वरच्या वाटेनं आले."

"मंग खालनं येऊन पोलीस लोकांच्या अंगावर घालायचे का? कुनाला लागलं न्हाई त्यात. मीच म्हनलो त्येंला, वरनं या."

"आणि माझं नाव?"

"नाव द्यावंच लागतंय. कुनी सांगितलं त्याबिगर खरं कसं धरतील?" मग दयानंदरावांचा चेहरा बघून तो कळवळला, आणि खोटं नाही, खरंच कळवळला. "आवो, पर तुमच्याविशयी लई चांगलं सांगितलं हुतं मी. म्हनलं, मानूस एक नंबर इमानदार हाय, पैशानं फुटनार न्हाई, गरिबाची कणव हाय. म्हनून तर बदली केली त्यांनी. वाईट असता तर हितंच ठेवला असता की."

दयानंदरावांनी ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"आन् आत्ता कंपनीत घेतलं त्ये बी त्याच्यावरच," नरहरी पुढं म्हणाला. "मी म्हनलो, वाडीचा इस्वास ह्या एका मानसावर हाय, ह्येला घ्या. न्हाईतर हितं नायब तहसीलदार काय शंभर मिळत्यात."

चहाचे पैसे नरहरीनं दिले. तो ज्येष्ठ होता.

घरी शुभांगीताईंनी सगळं ऐकून घेतलं. मुलीची दहावी, बारावी, कॉलेज, लग्न जमवणं, सगळं त्यांनी एकटीनं काढलं होतं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, कारण नवरा पुण्य करून गेला होता.

"म्हणजे तुम्हाला त्यांनी दोनदा वापरलं," त्या म्हणाल्या. "एकदा बिनपगारी आणि एकदा पगारी."

"हं."

"आणि आता वाडीवर कुणाला पाठवतायत?"

दयानंदरावांना पहिल्यांदाच त्या तलाठ्याची आठवण रागाशिवाय झाली. साधा माणूस होता. बदलीचा आदेश आला तेव्हा स्टँडवर सोडायला आला होता, आणि दयानंदराव त्याच्याकडं पाठ करून एसटीत चढले होते.

दुसऱ्या दिवशी ते राजीनामा द्यायचा म्हणून निघाले, आणि कचेरीत पोचल्यावर पियूषला म्हणाले, "वाडीवर जाऊ या." आपण नाही गेलो तर नरहरी एकटा जाईल, आणि दयानंदरावांचा निरोप म्हणून काय वाट्टेल ते सांगेल, हे त्यांना वाटेत चांदणी चौकात कळलं होतं. पण गेल्यावर काय बोलायचं ते काही कळलं नव्हतं.

शनिवारी गाडी उंबरमाळला चढली. समाजमंदिरात वाडी जमली होती. पुढं कृष्णाबाई बसली होती. ही मंगळ्याची आई. वाडीत तिच्या शब्दापुढं कुणी जात नसे. मंगळ्या दाराशी उभा होता. त्याची केस अजून चालूच होती, आणि तारखेला पौडला जाण्यासाठी त्याला दर खेपेला रोज बुडवावा लागे.

"या रावसाहेब, या," कृष्णाबाई म्हणाली. "वाळला की वो लई. कंपनीत खायाला घालत न्हाईत व्हय?" वाडी हसली. नरहरीकडं बघून ती म्हणाली, "आन् ह्यो फुगलाय. तुमचं बी ह्योच खातोय वाटतं." वाडी आणखी हसली. नरहरीही हसला.

पियूषनं दयानंदरावांच्या कानात सांगितलं, "सर, आधी टीमची ओळख करून द्या. बॅकग्राउंड सांगा सगळ्यांचं. म्हणजे ट्रस्ट बसतो. जुईलीनं सांगितलंय तसं." जुईलीनं सांगितलं होतं ते असं: नरहरी हे गोरगरिबांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलेले कार्यकर्ते, नुकतेच कंपनीशी जोडले गेले.

दयानंदराव उभे राहिले. त्यांनी उभं आयुष्य सभांना माणसांच्या ओळखी करून देण्यात घालवलं होतं. हुद्दा, नाव, कधीपासून आहेत. हे तोंडातून आपोआप येई, झोपेतसुद्धा आलं असतं. कुणाचा रुजू दिनांक चुकीचा सांगणं हे मात्र त्यांच्याच्यानं कधी झालं नव्हतं, आणि आताही 'नुकतेच' हा शब्द ओठापर्यंत येऊन तिथंच बसला.

"हे पियूष सर," ते म्हणाले. "कंपनीचे डायरेक्टर. लग्न झाल्यापासून आहेत."

वाडीनं नमस्कार केला.

"आणि हे नरहरी. यांना तुम्ही ओळखता. हे कंपनीत सगळ्यांत ज्येष्ठ. आपल्या आंदोलनाच्या आदल्या शिमग्याला रुजू झाले. तेव्हापासून कायम आहेत, मध्ये खंड नाही."

नरहरी घाईघाईनं पुढं झाला.

"रावसाहेब चेष्टा करत्यात," नरहरी म्हणाला. "अगं आक्के, ह्येंची पुण्याची चेष्टा हाय ही."

कृष्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "आदल्या शिमग्याला?" तिनं दयानंदरावांना विचारलं.

"हो."

"म्हंजी आमी खालच्या वाटंवर बसलो, तवा ह्यो पगारावर हुता?"

"हो."

"बसवलं ह्येनंच."

"हो."

मंगळ्या दारातून दोन पावलं आत आला. नरहरीनं चप्पल पायात सरकवली. पियूषला सगळं समजलं नव्हतं, पण गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे तेवढं त्यानं चाचपून पाहिलं.

"मंगळ्या, ऱ्हाऊ दे," कृष्णाबाई म्हणाली. "एक केस हाय तेवढी बास. जाऊ दे त्येला." आणि नरहरी गेला. पळाला नाही, चालतच गेला, पण दार जरा लांबच होतं. त्याच्यामागं पियूषही 'सर, वी विल टॉक' असं पुटपुटत निघून गेला.

दयानंदराव उभेच होते. त्यांना वाटलं होतं, हे बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. कृष्णाबाई त्यांच्याकडं बघत होती. ती बघणं संपवतच नव्हती.

"आन् तुमी?" तिनं विचारलं. "तुमी कवापास्नं?"

"कंपनीत? दीड वर्ष झालं असेल."

"म्हंजी दोन येळा करवंदं खाल्ली आमची, त्या पगारात."

दयानंदराव म्हणाले, "कृष्णाबाई, मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ. परवा कळलं."

"आमाला तरी कुटं म्हाईत हुतं?"



"त्या टायमाला खालची वाट म्हनून तुमीच सांगितली हुती न्हवं?" हे मंगळ्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. कोर्टात विचारतात तसं विचारलं.

"मीच. तेव्हा खरंच खालची ठरली होती, मंगळ्या. मी नरहरीला सांगितलं म्हणून ती वरची झाली."

"म्हंजी तुमी सांगितलं नसतं, तर त्ये खालनंच आलं असतं."

"हो."

"आन् आमी तितंच कुटंतरी असतो, रोजच्यावानी, म्हंजी त्येंला आडवलं असतं."

"हो."

मंगळ्यानं मान हलवली आणि तो दाराशी जाऊन पुन्हा बाहेर बघत उभा राहिला. दयानंदरावांनी इतकी वर्षं जे पुण्य म्हणून जपलं, ते त्यानं तीन वाक्यांत तपासून परत केलं होतं.

कुणीतरी चहा आणला. आलेल्याला चहा न देता परत लावायची वाडीत रीत नव्हती, मग आलेला कोणी का असेना. दयानंदराव खाली बसून चहा प्यायले. गोड होता. कुणी 'आणखी घ्या' म्हणालं नाही. खालच्या वळणावरून पियूषच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

"संमतीच्या ग्रामसभेच्या आदी सगळ्या वाड्यांची गावकी बसती," कृष्णाबाई शेवटी म्हणाली. "तितं ह्ये समदं परत सांगायचं. त्येचं बी आन् तुमचं बी. सांगशीला?"

तिथं पेपरवाले असणार, बिल्डरची माणसं असणार, आणि पौडचे सगळे जुने सहकारी दुसऱ्या दिवशी हे वाचणार, हे दयानंदरावांना दिसलं. आपली मुलगीही वाचेल.

"सांगतो," ते म्हणाले. "कधी आहे?"

कृष्णाबाईनं रिकामा कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कवा हाय त्ये तुमाला सांगनार न्हाई," ती म्हणाली. "त्या दिशी मंगळ्या यील न्यायाला. तयार ऱ्हावा."